बॅग भरून बसलेला माणूस

लायनेल व्हिटबीच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, हा गडी आजच विमानातून उतरलाय. हॉलमध्ये एक घडीची खुर्ची, भिंतीला टेकवून ठेवलेली गादी आणि जमिनीवर दोन उघड्या सुटकेस. एकीत धुतलेले कपडे, दुसरीत धुवायचे. कपाट नाही, पडदे नाहीत. मी विचारलं, "सामान यायचंय का अजून?" तो म्हणाला, "हेच सामान." दोह्यात येऊन त्याला तेव्हा तीन-चार महिने झाले होते.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर माझी बायको नफीसा म्हणाली, "मुसाफिरखान्यात पन कपाट असतं. ह्याला झालंय काय?"

आता मी दोह्याबाहेर मेसईदला एका कारखान्याच्या बसगाड्या सांभाळतो. तेव्हा दोह्यातल्या एका खाजगी शाळेत ट्रान्सपोर्टचं बघायचो, म्हणजे दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडायचो. लायनेल त्याच शाळेत खेळाचा शिक्षक. राहायला आम्ही अल नस्रमधल्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. पण शाळेत आमची कधी दोन शब्दांपलीकडे गाठ पडली नव्हती. ओळख झाली ती अंड्यांमुळे.

बकाल्यातून, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, मी तांदळाची गोणी आणि तिच्यावर अंड्यांचा मोठा ट्रे असा सगळा संसार एका खेपेत वर न्यायला निघालो होतो. नफीसा नेहमी म्हणते की दोन खेपा करायला माझ्या जिवावर येतं, आणि ते खरंच आहे. लिफ्टचं दार कोपराला लागलं आणि ट्रे सुटला. मी डोळे मिटून घेतले, कारण घरी काय ऐकावं लागणार ते मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. डोळे उघडले तर समोर एक उंच, काळा माणूस फरशीवर गुडघा टेकून बसलेला, आणि ट्रे त्याच्या दोन्ही तळहातांवर. एक अंडं तेवढं तडकलं होतं. त्या एका अंड्याबद्दल त्याने माझी मनापासून माफी मागितली. पुढे कळलं, ही त्याची खोडच होती. हाती लागलेलं तो विसरून जायचा, निसटलेलं तेवढं त्याच्या लक्षात राहायचं.

त्याचा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि खेळाडू हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात. लायनेल वाइड रिसीव्हर होता. लांब पळत जायचं, वळून बघायचं आणि फेकलेला चेंडू हवेतच झेलायचा, मागून कोणीतरी अंगावर येतंय हे माहीत असताना. त्याची बोटं कुठल्याही दिशेला वळलेली होती. गुडघे सुजायचे. गुरुवारी संध्याकाळी तो बकाल्यातून बर्फाची पिशवी घेऊन येई आणि टबमध्ये बर्फ ओतून त्यात पाय सोडून बसे.

मी एकदा विचारलं, "किती टीमकडून खेळलास?"

त्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच थांबून विचारलं, "मॅच खेळलो त्याच धरायच्या, की नुसती जर्सी मिळाली त्यापण?"

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी इथे मराठीत लिहितोय. तर त्याचं आयुष्य असं गेलं: एखाद्या टीमने उन्हाळ्यात घ्यायचं, उन्हात पळवायचं, ऑगस्ट संपता संपता सोडून द्यायचं. मग दुसऱ्या गावच्या टीमचा कोणी जायबंदी झाला की घाईने बोलवायचं. त्याचा पाय बरा झाला की खलास. कधी नुसतं सरावापुरतं ठेवायचं, म्हणजे आठवडाभर मार खायचा आणि मॅचच्या दिवशी साध्या कपड्यांत बाजूला उभं राहायचं. 'खलास' हा शब्द त्याने आमच्या ड्रायव्हरांकडून उचलला होता आणि तो त्याला फार आवडला होता. एका गावाची गोष्ट संपली की तो "खलास" म्हणायचा आणि पुढच्या गावाची सुरू करायचा.

एका शुक्रवारी आम्ही गाडीतच कागदी कपांतून कडक चहा पीत बसलो होतो. मी विचारलं, "काढताना तुम्हाला सांगतात कसं?" मला खरंच उत्सुकता होती. आमच्याकडे एचआरचा माणूस आधी बायकामुलांची चौकशी करतो, आणि त्या चौकशीनेच माणसाला काय ते कळून चुकतं.

"कोच स्वतः येत नाही," लायनेल म्हणाला. "सकाळी एक माणूस येतो. नाश्त्याच्या टेबलाशी नाहीतर खोलीच्या दारात. म्हणतो, कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये."

प्लेबुक म्हणजे टीमच्या सगळ्या चालींची जाडजूड फाइल. ती बाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणून जाणाऱ्याकडून आधी ती काढून घेतात.

"नुसतं बोलावलं तर काहीतरी बोलायचं असतं. प्लेबुक घेऊन बोलावलं की संपलं. पहिल्यांदा मी आत जाऊन बसलो होतो. कोच बोलत होता आणि मी रडत होतो, त्याच्यासमोर. मग शहाणा झालो. तो माणूस दारात दिसला की मी उठायचो, प्लेबुक त्याच्याच हातात द्यायचो, आणि कोचला कळायच्या आत माझी गाडी गेटबाहेर. त्यानंतर मला कोणी तोंडावर 'तू नकोस' म्हणू शकलं नाही."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. मला त्या अभिमानाचंच वाईट वाटलं. दोह्याच्या नजमा वस्तीत एका खोलीत दहा जणांत राहून दिवस काढलेला माणूस मी. इथे कायमचं कोणीच नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण आम्ही ते विसरल्याचं सोंग करतो, फ्रीज घेतो, सोफा घेतो, बाल्कनीत कढीपत्ता लावतो. लायनेलला ते सोंग जमत नव्हतं. शाळेच्या मीटिंगला तो दाराजवळची खुर्ची धरायचा. शाम्पूची सगळ्यात लहान बाटली आणायचा. आमच्याकडे जेवायला आला की शेवटचा घास गिळता गिळता उभा.

"कोचभाई, बसा ना, खीर यायचीय," नफीसा तिच्या हिंदी-इंग्रजीत म्हणायची.

"शुक्रन, भाभी," तो दारातून म्हणायचा. बुटात पाय गेलेले असायचे.

नफीसाचा यात अपमान व्हायचा. "काय वो, मी काय त्याला हाकलतंय?" ती मला विचारायची. खीर मग मीच त्याच्या दारात नेऊन द्यायचो. दुसऱ्या दिवशी वाटी घासून, पुसून परत यायची.

माझ्या मुलीने, सनाने, एकदा त्याला विचारलं की मोठ्या मॅचमध्ये तू कधी स्कोअर केलास का. आमच्या सनाला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र इंग्रजीतच असतं. लायनेल म्हणाला, केला, आणि नाही केला. एका रविवारी, हजारो लोकांसमोर, त्याने एका हाताने चेंडू झेलला आणि रेषेपलीकडे जाऊन पडला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. उठून बघतो तर मैदानात रेफ्रीचा पिवळा रुमाल पडलेला, म्हणजे फाउल. त्याच्याच टीममधल्या कोणीतरी दुसऱ्या टोकाला एकाला धरून ठेवलं होतं. रेफ्रीने सगळा डाव रद्द केला. पुढच्या आठवड्यात लायनेलची ती टीमही सुटली, आणि त्याच्या नावावर मोठ्या मॅचमधला एकही झेल नाही.

"पन झेलला तं होता ना?" नफीसा मला मराठीत म्हणाली. मी त्याला ते सांगितलं. तो बराच वेळ हसला.

लायनेलला मिया नावाची मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची. घटस्फोटानंतर ती तिच्या आईकडे ओहायोत राहायची. त्या वर्षी मियाने स्वतःहून हट्ट धरला की मला एक वर्ष डॅडकडे राहायचंय. आईची एकच अट होती: पुढच्या वर्षाचं त्याचं पक्कं झालं पाहिजे. सारखं गाव बदलणाऱ्या माणसाकडे ती पोर पाठवणार नव्हती. मला तिचं म्हणणं पटलं. कोणत्याही आईचं तेच म्हणणं असतं.

शाळेत करार वाढवण्याची पत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. त्या वर्षी अफवा होती की खेळाच्या विभागातली माणसं कमी करणार. तरीसुद्धा लायनेलने काय केलं, तर पडदे घेतले. नफीसाला घेऊन गेला आणि दुकानातूनच मियाला व्हिडिओवर कापड दाखवलं. तिने पिवळं निवडलं. नफीसाला ते अजिबात आवडलं नाही, पण ती चक्क गप्प बसली. मग पलंग आला, कपाट आलं. ड्रिल मागायला तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला चिडवलं, "भिंतीला भोकं पाडतोयस? जाताना मालकाला काय सांगशील?" तो म्हणाला, "इन्शाल्ला, जायचंच नाहीये." असं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी प्रिन्सिपॉलच्या ऑफिसमधून फोनवर मेसेज आला: शाळा सुटल्यावर मॅडमना भेटा, लॅपटॉप घेऊन या. मलाही आला. बसगाड्या काढून मी लॅपटॉप काखेत मारून वर गेलो. बाहेर दहा-पंधरा जण ओळीत उभे. आत गेलो तर मॅडम हसून म्हणाल्या की जे पुढच्या वर्षी राहणार आहेत त्यांना नवे लॅपटॉप द्यायचेत, जुने जमा करा आणि इथे सही करा. माझ्यापुढच्या कागदावर लायनेलचं नाव होतं, सहीची जागा रिकामी. मॅडम म्हणाल्या, "कोच कुठे आहेत? मी त्यांना क्रीडा विभागप्रमुख करतेय."

मी बाहेर येऊन ओळीत पाहिलं. तो नव्हता. खाली गेटवरच्या सिक्युरिटीने सांगितलं की कोच मघाशीच गेले, लॅपटॉप, किल्ल्या आणि ओळखपत्र त्याच्याकडे ठेवून.

 लायनेलला फोन केला तर तो उचलेना. अल नस्रपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सिग्नलला मी एकटाच मोठमोठ्याने त्याला शिव्या देत होतो. वर गेलो तर त्याचं दार उघडं. दोन्ही सुटकेस बंद करून दाराशी उभ्या केलेल्या. पलंगाचे भाग सुटे करून भिंतीला लावलेले. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, तो पलंग कोणाला द्यायचा हे विचारत उभा होता. लायनेल स्टुलावर चढून पडदे काढत होता.

"खलास, इक्बाल," तो मला म्हणाला, अगदी शांतपणे. "लॅपटॉप घेऊन बोलावलं."

"अरे, सगळ्यांना बोलावलंय! ज्यांना ठेवणार त्यांनाच बोलावलंय! तुला हेड करतायत, हेड!"

तो स्टुलावरून उतरला नाही. पडद्याची दांडी हातात तशीच. मग म्हणाला, "मी फोन केला."

"कोणाला?"

"मियाला. तिकडे सकाळ होती. ती शाळेच्या बससाठी थांबली होती. येऊ नकोस म्हणालो."

नातूर हळूच निघून गेला. मी लायनेलला तिथल्या तिथे पुन्हा फोन लावायला लावला. पण मियाची शाळा सुरू झाली होती, फोन बंद. तिच्या आईचा एवढाच मेसेज आला: मला वाटलंच होतं.

शनिवारी दुपारी तो आमच्या घरी येऊन बसला. एकट्याने फोन करायचा त्याला धीर होत नव्हता. मियाने उचलला. फोन स्पीकरवर होता. त्याने सगळं सांगितलं, हसत हसत, जणू काही मोठी गंमत झाली होती.

पलीकडून तिने विचारलं, "म्हणजे त्यांनी तुला काढलंय असं कोण म्हणालं होतं?"

"कोणी नाही. बोलावलं होतं."

"आणि तू गेलासच नाहीस? आत जाऊन विचारलंसच नाही?"

"नाही."

"मी माझी खोली आवरली होती, डॅड. सगळ्या वस्तू खोक्यांत भरल्या होत्या. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं." ती रडत नव्हती, तेच ऐकायला वाईट होतं. "मग तू म्हणालास येऊ नको. आता मला नाही यायचं. तुला वाटलं की परत सांगशील, येऊ नको."

फोन कट झाला. लायनेलने फोन पालथा ठेवला. नफीसाने पदर डोळ्यांना लावला आणि त्याला न कळणाऱ्या मराठीत म्हणाली, "पोरगी खरं बोलली." मी ते भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याला बहुतेक कळलं.

त्या संध्याकाळी त्याने मला लग्न मोडल्याची गोष्ट सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती. बायको एकदा म्हणाली होती, आपल्याला बसून बोलायला हवं. ती दुकानातून परत येईपर्यंत याची बॅग भरून झाली होती. "तिला काय बोलायचं होतं?" मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी थांबलोच नाही." मला त्याचा इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच पाणी प्यायलो. एवढा धिप्पाड माणूस, समोरून येणाऱ्या माणसांच्या भिंतीत धावत घुसणारा, आणि एका वाक्याला एवढा घाबरायचा.

रविवारी इथली शाळा उघडते, तेव्हा त्याने सही केली. पलंग परत जोडला, पिवळे पडदे परत लावले. ज्या माणसाला कोणी कुठे ठेवून घेतलं नव्हतं, त्याला आता शाळेने ठेवून घेतलं होतं, आणि घरात एक खोली रिकामी होती. तिचं दार तो बंदच ठेवायचा. दर शनिवारी फोन लावायचा. मिया कधी उचलायची, अभ्यास आहे म्हणायची, ठेवायची.

जूनमध्ये मी त्याला सांगितलं, "तिकडे जा. तिच्यासमोर बस आणि विचार."

"काय विचारू?"

"येतेस का, ते."

त्याने तिकीट काढायला इतके दिवस लावले की शेवटी नफीसानेच मला म्हटलं, "तुमी काढा वो, नायतं ह्यो जायचा नाय." मी काढलं. जाण्याच्या दिवशी भर दुपारी मीच त्याला विमानतळावर सोडलं. बाहेर डोळे उघडवत नव्हते असं ऊन. दाराशी तो थांबला, आणि मला वाटलं, झालं, हा आता परत फिरतोय.

"ती नाही म्हणाली तर?" त्याने विचारलं.

"तर तिच्या तोंडून ऐकून ये," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? त्याने सुटकेस उचलली आणि तो आत गेला.

ऑगस्टमध्ये त्याला आणायलाही मीच गेलो. आम्हाला त्याच आठवड्यात माझ्या नव्या नोकरीसाठी मेसईदला राहायला जायचं होतं, घरात खोकी भरून ठेवली होती. नफीसाने तरी खीर केली होती, दोघांना पुरेल एवढी. आतून माणसं येत होती, मी उंच माणूस शोधत होतो आणि त्याच्या मागे एक पोर. तो आला. ट्रॉलीवर एकच सुटकेस. मी त्याच्या मागे पाहिलं, मग त्याच्याही मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. तो पट्टा लावत म्हणाला, "नाही म्हणाली."

मी किल्ली फिरवली नाही.

"अख्खी दुपार नाही म्हणत होती, इक्बाल. लहानपणापासूनचं सगळं काढलं. कुठल्या वाढदिवसाला मी निघून गेलो, कुठल्या शाळेच्या कार्यक्रमाला आलोच नाही. तिची आई मध्ये येऊन दिवा लावून गेली, तरी तिचं संपलं नव्हतं." त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. "मी उठलो नाही," तो म्हणाला.

मग तो रडायला लागला. मी गाडी सुरू केली आणि अल नस्र येईपर्यंत मुद्दाम हळू चालवली.